सुरक्षित खोलीतली तार



2025 च्या जूनमध्ये, इराणबरोबरच्या त्या 12 दिवसांच्या युद्धात, मी ठाण्याच्या धाकट्या बहिणीशी व्हिडिओवर बोलत होते. तेवढ्यात भोंगा झाला. मी ममादमध्ये, म्हणजे सुरक्षित खोलीत गेले, लोखंडी दार लावले आणि फोन तुटला. बाहेर येऊन पुन्हा लावला, तोवर बिचारी रडून रडून अर्धी झाली होती.

नातू म्हणाला, "आजी, जाड काँक्रीट अन् लोखंडातून वायफाय नीट येत नाही. तार ओढू या." ममादच्या भिंतीला मात्र भोक पाडायचे नाही. टीव्हीसाठी जुनी नळी होतीच, तिच्यातून केबल आणली. आत पाच तोंडांचा स्विच बसवला. एका तोंडात राऊटरची केबल, बाकीच्यांत टीव्ही, कॉम्प्युटर आणि फोनसाठी वायफायचा छोटा डबा.

बाळांनो, त्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, चार जोड्या. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा. आमची लाइन आधी 1000 ऐवजी 100 वरच चाले. नातू वैतागला. मी चष्मा लावून पाहिले तर तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती! जन्मभर पेशंटच्या शिरा शोधल्या, ते कामी आले.

परवा दार लावून बहिणीला फोन केला. ती दिसत राहिली.

वीज गेली की हे सगळे बंद, म्हणून सेलवरचा रेडिओ अजून उशाशी असतो. तुम्हीही ठेवा.