भाड्याने घेतलेली कोठीची खोली

वडील गेले त्याच वर्षी आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा करार झाला. इमारत पुण्यातल्या एरंडवण्याची, १९७० च्या दशकातली, तीन मजली आणि लिफ्ट नसलेली. करारानुसार ३६ महिन्यांनी नवे घर मिळायचे होते. तोवर राहण्याचे भाडे विकासक देणार होता. जुने घर रिकामे करून द्यायला मात्र ४५ दिवसांचीच मुदत होती. आम्ही तिघे भावंडे आणि आई असे चौघे त्या घराचे वारस. चौघांपैकी एकालाही त्या ४५ दिवसांत घरातल्या कोणत्याही वस्तूविषयी विचार करण्याची इच्छा नव्हती.

वडील महाविद्यालयात मराठी शिकवत. त्यांची सुमारे २,२०० पुस्तके होती. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या २३ खंडांपैकी हाती लागले तेवढे खंड होते, दिवाळी अंकांचे गठ्ठे होते, आणि उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर काढलेली टिपणे होती. आईच्या बाजूने तांब्याचा बंब, पितळेची पातेली, सागवानी फडताळ, पाटा-वरवंटा. भाड्याच्या दोन खोल्यांत यांतले फार थोडे मावणार होते. शेजाऱ्यांनी अनुभवाचे बोल सांगितले : विका, वाटा, नाहीतर नातेवाइकांच्या माळ्यावर टाका. विकण्यावाटण्याआधी वस्तू पाहावी लागते आणि तेच आम्हांला जमत नव्हते. नातेवाइकांचे माळे तर त्यांच्याच न घेतलेल्या निर्णयांनी आढ्यापर्यंत भरलेले होते. अखेर आमच्यापैकी जो अमेरिकेत असतो, त्याने सामान ठेवण्यासाठी महिन्याच्या भाड्याने खोली घेण्याचा मार्ग सुचवला.

सेल्फ स्टोरेज या नावाने ओळखला जाणारा हा व्यवसाय आज ज्या रूपात आहे, त्या रूपात तो १९६० च्या दशकात अमेरिकेत, टेक्सासमध्ये सुरू झाला. ओळीने बांधलेल्या खोल्या, प्रत्येकीला शटर, कुलूप भाडेकरूचे. त्या व्यवसायातली माणसे ग्राहक येण्याची चार कारणे सांगतात : मृत्यू, घटस्फोट, स्थलांतर आणि मोठ्या घरातून लहान घरात जाणे. आपल्याकडच्या शहरांत अशा खोल्या बऱ्याच उशिरा आल्या. बदलीची नोकरी, परदेशातले एखाददुसरे वर्ष, घराची दुरुस्ती ही इथली नेहमीची कारणे. २०२० च्या टाळेबंदीत भाड्याची घरे सोडून गावी परतलेल्या अनेकांनीही आपला संसार असाच कुलुपात ठेवला. आमच्याकडे त्या चारांपैकी तीन कारणे एकाच वेळी हजर होती.

आईने या प्रकाराला पहिल्या दिवशीच नाव दिले : 'भाड्याची कोठीची खोली'. आम्हांला ते पटले. साठवणीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. धान्याला कणगी होती, जमिनीखाली पेव होते, भिंतीआड बळद होते. वस्तूंना कोनाडा, फडताळ आणि माळा. मात्र या साऱ्या जागा घराच्या पोटातल्या किंवा अंगणातल्या. साठवलेल्या वस्तूची रोज आठवण राहिली नाही तरी ती आपल्या डोक्यावर किंवा पायाखाली असे. घरातली वस्तू घरापासून १४ किलोमीटरवर, महामार्गालगतच्या गोदामात, पहिल्या मजल्यावरच्या क्रमांकाच्या खोलीत ठेवायची, ही कल्पनाच या शब्दांना अपरिचित आहे. भालचंद्र नेमाड्यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'हिंदू' या कादंबरीच्या उपशीर्षकाने 'अडगळ' या शब्दाला 'समृद्ध' हे विशेषण जोडले, आणि वाङ्मयाच्या वर्गात तो शब्द एकाएकी प्रतिष्ठित झाला. पण अडगळीला समृद्धी येते ती ती घरात पायात येत राहते म्हणून. पायात न येणाऱ्या, दूर कुलुपात असलेल्या अडगळीचे काय होते, हे आम्हांला पुढे कळायचे होते.

कळण्याआधी करण्याच्या गोष्टी पुष्कळ होत्या. आमच्यासारखी वेळ या पानांच्या वाचकांपैकी अनेकांवर येईल, म्हणून त्या इथे नोंदवतो. पुस्तकांसाठी खोकी लहान घ्यावीत. मोठे खोके भरले की ते उचलत नाही आणि तळातून फाटते. आम्ही एका खोक्याला १५ किलोंची मर्यादा घातली. ५५ खोकी झाली. पुस्तके आडवी किंवा उभी ठेवावीत, कणा वर करून पालथी ठेवू नयेत. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नयेत. आतला दमटपणा आतच राहतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते. आम्ही जुन्या सुती साड्या फाडून वापरल्या. कसर लागू नये म्हणून जुन्या पोथ्यांच्या बासनांत ठेवत तसे वेखंडाचे तुकडे आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला घातला, शिवाय ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. खोकी जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवली नाहीत, खाली लाकडी चौकटी घातल्या. फ्रीज कोरडा करून त्याचे दार किंचित उघडे ठेवले; कपडे धुण्याच्या यंत्रातले पाणी पूर्ण काढले. मधोमध एक माणूस जाईल एवढी वाट सोडली. त्या वाटेचे भाडे फुकट जाते असे प्रथम वाटते. ती नसेल तर आतली खोली पुन्हा कधीच दिसत नाही. गॅसचे सिलिंडर, रंग, रॉकेल, खाण्याचे पदार्थ तिथे चालत नाहीत, आणि दागिने किंवा घराची कागदपत्रे ठेवण्याची ती जागा नव्हे.

खोली १०० चौरस फुटांची होती. भाडे महिना ७,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ८,८५० रुपये. ३६ महिन्यांचा गुणाकार आम्ही करार करतानाच केला : ३,१८,६०० रुपये. हा आकडा कागदावर मांडल्यावर पहिला धडा मिळाला. प्लायवूडचे कपाट, दोन पलंग, सोफा या वस्तू तीन वर्षे सांभाळण्याच्या खर्चात नव्या आल्या असत्या. त्या आम्ही विकल्या. जी वस्तू पुन्हा बाजारात मिळते तिला भाडे भरू नये, एवढा नियम त्या दिवशी ठरला.

विम्याच्या अर्जाने दुसरा धडा दिला. त्यात दोन रकाने होते : वस्तूचे वर्णन आणि किंमत. 'पुस्तके, ५५ खोकी' हे लिहिणे सोपे होते. पुढच्या रकान्यापाशी आम्ही अडलो. छापील किमतींची बेरीज करावी तर १९६० च्या दशकातल्या पुस्तकांवर तीन आणि पाच रुपये छापलेले. रद्दीच्या दराने ५५ खोक्यांची किंमत सांगायला एक मिनिट पुरले असते. ज्या माणसाने आयुष्यभर वर्गात मूल्य आणि किंमत यांतला फरक शिकवला, त्याच्या संग्रहापुढे आम्ही अखेर एक गोल आकडा लिहिला आणि मान खाली घालून सही केली.

या अर्जाची चीड येऊनच आम्ही आमची स्वतःची यादी केली. आखलेली वही, चार रकाने : खोक्याचा क्रमांक, आतल्या वस्तू, जागा, आणि चौथा 'कोणासाठी'. पहिले तीन रकाने दोन आठवड्यांत भरले. चौथा बहुतेक ठिकाणी कोराच राहिला. बंब कोणासाठी? ज्ञानकोशाचे अपुरे खंड कोणासाठी? आम्ही तिघेही साहित्याचे वाचक, पण 'माझ्यासाठी' असे लिहायला कोणाचाही हात पुढे झाला नाही. दुसऱ्याच्या नावावर ते टाकायचे धैर्यही कोणाला झाले नाही. वर्षानुवर्षे माळ्यावर ज्या वस्तू राहिल्या त्यांना हा रकाना कधी विचारावाच लागला नव्हता, कारण माळ्याला भाडे नव्हते. इथे मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला बँकेचा संदेश येई, आणि तो संदेश म्हणजे तोच प्रश्न असे. दुःखाने लांबणीवर टाकलेल्या निर्णयाला या खोलीने वेळ दिला हे खरे. त्या वेळेचे मोल मागितले हे अधिक उपकारक ठरले.

दिवाळी अंकांचे उदाहरण सांगतो. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने सुरू केलेल्या या परंपरेबद्दल आपण समारंभांतून अभिमानाने बोलतो. प्रत्यक्षात जुन्या अंकांचे गठ्ठे कोणालाही नको असतात. घर सोडण्यापूर्वी आम्ही एका ग्रंथालयाला विचारले होते. तिथून 'जागा नाही' असे उत्तर आले. ४५ दिवसांच्या घाईत हे १४० अंक रद्दीतच गेले असते. खोली घेतल्यानंतरच्या पाचव्या महिन्यात, एका रविवारी, त्या मधल्या वाटेत सतरंजी घालून आम्ही ते गठ्ठे सोडले. कागद पिवळा पडलेला, कडा हाताळताच तुटणाऱ्या. प्रत्येक गठ्ठ्याच्या तळाशी उत्तरपत्रिकांच्या पाठींवर वडिलांच्या अक्षरांत शिसपेन्सिलीने केलेली सूची होती : अंक, वर्ष, कथा, लेखक आणि एका ओळीत अभिप्राय. अभिप्राय कडक होते. काही नामवंतांच्या नावापुढे नुसती फुली होती. ही सूची त्यांनी कोणाला दाखवली नव्हती, आम्हांलाही नाही. आम्ही ती टंकून काढली. सूचीसह विचारल्यावर दुसऱ्या एका गावातल्या मराठी विभागाने ते अंक आनंदाने नेले. वहीतल्या चौथ्या रकान्यात त्या दिवशी प्रथमच एक नाव लिहिले गेले, आणि ते आमच्यापैकी कोणाचेही नव्हते. मूळ कागद मात्र आम्ही दिले नाहीत. ते आज आईच्या कपाटात आहेत.

हे यश सांगितले तर अपयशही सांगायला हवे. त्याच हिवाळ्यात आईने पाटा मागितला. ओल्या खोबऱ्याची चटणी मिक्सरमध्ये वाटली की तिला चव लागत नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि नेहमीच हसण्यावारी नेत होतो. वहीत पाहिले. क्रमांक ३१, 'दगडी दांडा, एक'. सामान बांधणाऱ्या मुलांनी सांगितले तसे आम्ही लिहून घेतले होते. तो वरवंटा होता. पाटा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला उभा टेकवलेला असे. त्या मुलांना तो फरशीचा तुकडा वाटला असावा. आम्ही तिघेही त्या दिवशी घरात होतो. आमच्यापैकी एकाचेही तिकडे लक्ष गेले नाही. आम्ही पुस्तकांची खोकी मोजत होतो. इमारत तोवर पाडून झाली होती.

आईचे माहेर नारायण पेठेतले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा ती बारा वर्षांची होती. पाणी ओसरल्यावर घरात चिखलाखेरीज काही उरले नव्हते. भांडी, कपडे, तिच्या आजोबांच्या पोथ्या, सारे गेले. चिखल उपसताना हाताला लागला तो हा पाटा. लग्नानंतर तो तिच्याबरोबर एरंडवण्याला आला. ही हकिकत आम्ही शंभरदा ऐकली होती. वही बंद करून आम्ही तिला सांगितले तेव्हा ती रागावली नाही. "पुरातही पाटा राहिला होता," एवढेच म्हणाली, आणि वरवंटा आणून द्या म्हणाली. भाड्याच्या घरात वाऱ्याने दार आपटते. तो आता दाराशी अडसर म्हणून असतो.

शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आम्ही विद्यार्थ्यांना पूर्वी अनेकदा नेले होते. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. लोकांच्या घरांतून बाहेर पडणारे दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे ते आयुष्यभर गोळा करत राहिले. बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले. विद्यार्थ्यांना आम्ही तिथे लोककला आणि कारागिरी समजावून देत असू. पाट्याच्या प्रसंगानंतर एकदा एकटेच गेलो, तेव्हा त्या अडकित्त्यांपुढे दुसराच विचार आला. यांतली प्रत्येक वस्तू कोणीतरी नको म्हणून दिलेली, आणि दुसऱ्या कोणीतरी थांबून पाहिलेली. संग्रह भाड्याने, कुलपाने किंवा विम्याने होत नाही, थांबून पाहण्याने होतो. खोली आपल्याला तेवढा अवधी विकते, पाहण्याचे काम करत नाही. जे आम्ही पाहिलेच नाही ते १०० चौरस फुटांतही मावले नाही.

आता १९ महिने झाले आहेत. १०० चौरस फुटांवरून आम्ही ५० वर आलो. भाडे जीएसटीसह ४,४२५ रुपये. ज्ञानकोशाचे खंड एका तरुण प्राध्यापिकेने नेले, पातेली नात्यातल्या तीन घरांत गेली, बंब नव्या घरात यायचा आहे. तिथे त्याचे काय करणार हे आईला विचारायचे आम्ही टाळतो. २६ खोकी उरली आहेत, त्यांपैकी २० जणांपुढे नावे आहेत असे म्हणताना आम्ही खोक्यांना 'जण' म्हणू लागलो आहोत हे परवा लक्षात आले. सहांचा चौथा रकाना कोरा आहे. त्यांत वडिलांची पत्रे आहेत. नवरात्रापूर्वी, पाऊस ओसरला की, एक रविवार काढून जायचे ठरले आहे, आणि या वेळी आईला बरोबर न्यायचे. तिच्यासाठी त्या मधल्या वाटेत एक खुर्ची मावते, हे आम्ही मोजून पाहिले आहे.