सहाव्या वर्षाची दाढ

सहा-सात वर्षांची मुले आमच्याकडे शिकावयास येतात, तेव्हा त्यांच्या हसण्यातील खिंडारे पाहून आम्हांला मोठी मौज वाटते. पडलेला दात मुठीत धरून ती अभिमानाने दाखवितात. मग तो कौलांवर फेकला जातो. पडणाऱ्या दाताचा एवढा गाजावाजा होतो. परंतु त्याच सुमारास तोंडात मागच्या बाजूस एक मोलाची दाढ गुपचूप येऊन बसते, तिची दखल फारसे कोणी घेत नाही.

असे का व्हावे? दुधाचे दात २०. मूल आईच्या उदरात असतानाच त्यांचा पाया घातला जातो. सहाव्या महिन्याच्या सुमारास खालचे पुढचे दात दिसू लागतात व तिसऱ्या वर्षापर्यंत सारे येतात. पुढे आतून कायमचा दात सरकू लागला, की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरून जाते आणि तो हलू लागतो. पहिली कायमची दाढ मात्र कोणाचीच जागा घेत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, मोकळ्या हिरडीतून, खाली दोन व वर दोन अशा चार दाढा उगवतात. काही पडले नाही, म्हणून आईबाप त्यांनाही दुधाच्याच समजतात. कीड दिसली तरी, "पडायचीच आहे ती," हे उत्तर आम्ही कितीदा तरी ऐकले आहे. ही समजूत घातक होय.

ही दाढ गेली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही. दाताचे शुभ्र कवच हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ खरा; पण ते घडविणाऱ्या पेशी दात बाहेर येताच नाहीशा होतात. म्हणून किडीने पडलेले भोक शरीर स्वतः भरून काढू शकत नाही. त्यातून, नव्या दाढेच्या माथ्यावरील खोल खाचांत अन्नकण सहज अडकतात.

दुधाच्या दाढांचीही हयगय करू नये. दहा-बारा वर्षांपर्यंत त्या कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात.

तेव्हा मातापित्यांनो, मूल सहा वर्षांचे झाले, की त्याला उजेडात बसवा. मधल्या दातापासून मागे मोजीत जा. पडलेल्या दाताची रिकामी जागाही मोजा. सहावी दिसली, की ती जन्माची सोबतीण समजा. रोज सकाळी व रात्री तिथपर्यंत ब्रश पोहोचतो की नाही, ते स्वतः पाहा. दंतवैद्य तिच्या खाचा वेळीच बुजवूनही देऊ शकतो. आज दिलेली ही थोडी काळजी मुलाला म्हातारपणीही भाकरी चावताना उपयोगी पडेल.