ब्लाइंडची सवलत

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पोकर कुणी खेळत नाही. निदान त्या नावानं तरी नाही. पेपरात तालुक्याच्या पानावर जी बातमी येते, तिचे शब्द ठरलेले असतात. अमुक शिवारात झाडाखाली ५२ ताशपत्त्यांवर एक्का-बादशाह नावाचा जुगार, इतके जण ताब्यात, रोख, मोबाईल आणि मोटारसायकली धरून इतक्याचा मुद्देमाल जप्त. कायदा १८८७ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. पोळा, दिवाळी, आणि खानदेशाला लागून असलेल्या मलकापूर-मोताळ्याकडे आखाजी, हे या बातम्यांचे सीझन.

बातमीत नाव काहीही छापून येवो, पारावर, शेतात आणि लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात आम्ही जो खेळ बघत मोठे झालो तो तीन पत्ती. तीन पत्ती आणि पोकर हे चुलतभाऊ आहेत. दोघांत पानं लपवलेली असतात, दोघांत पैसे बोलतात, आणि दोघांत हलक्या पानांवर भारी पानवाल्याला पळवून लावता येतं. तरी एका भावाला जग बुद्धीचा खेळ म्हणून टीव्हीवर दाखवतं आणि दुसरा पोलिसांच्या पंचनाम्यात सापडतो. यातला सगळा फरक वर्गाचा, इंग्रजीचा आणि पैशांचा आहे असं म्हणून विषय संपवता येईल. पण खेळाच्या आतही एक फरक आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

तीन पत्तीत प्रत्येकाला तीन पानं मिळतात, पालथी. ती उचलून बघायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. न बघता खेळणारा ब्लाइंड. बघितली की तुम्ही सीन, आणि मग तुमची चाल ब्लाइंडवाल्याच्या दुप्पट. ब्लाइंडवाल्यानं दहा टाकले तर तुम्हाला किमान वीस टाकावे लागतात. त्यात भर म्हणजे समोर शेवटचा एकटा ब्लाइंडवाला उरला, तर बऱ्याच ठिकाणी तुम्हाला त्याच्याकडे शो मागता येत नाही. टाकत राहा, नाहीतर पॅक व्हा. आमच्याकडे म्हणतात तसं, ‘पाह्यलं का भाव डबल, मंग कायले पाहतं?’

म्हणजे या खेळात माहितीवर दंड आहे आणि न बघण्यावर सवलत आहे.

हा नियम आपल्याकडच्या कुणी काढलेला नाही. तो ब्रॅग या जुन्या इंग्रजी खेळातून आला. ब्रॅग म्हणजे बढाई. तीन पानी ब्रॅगमध्येही न बघता खेळणाऱ्याला अर्धी किंमत पडते, आणि ब्लाइंडवाल्याकडे शो न मागण्याचा नियमही तिथलाच. बढाई मारायच्या खेळात बिनधास्तपणाला बक्षीस असणं साहजिक होतं. ब्रॅग इंग्रजांबरोबर भारतात आला आणि तीन पत्ती झाला. त्याआधी आपल्याकडे पत्ते नव्हते असं नाही. बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि सावंतवाडीत आजही दशावताराचा १२० पानांचा गंजिफा हातानं रंगवला जातो. पण पानं झाकून पैशांची बोली चढवत नेणं, ही खोड ब्रॅगच्या घराण्यातली.

पोकर त्याच घराण्याची अमेरिकेत वाढलेली शाखा. न्यू ऑर्लिन्समध्ये फ्रेंच लोक पोक नावाचा खेळ खेळत, त्यावरून नाव पडलं असं मानतात. तिथून मिसिसिपी नदीतल्या, कापसाच्या गाठी वाहणाऱ्या आगबोटींवरून तो उत्तरेकडे गेला. जो कॉवेल या इंग्रज नटानं १८२९ मधल्या बोटप्रवासातल्या डावाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. तेव्हा पानं फक्त २० होती. पुढे ५२ झाली, पानं बदलून घ्यायची सोय आली, आणि विसाव्या शतकात टेक्सास होल्डेम आला. टेक्सासच्या विधिमंडळानं २००७ मध्ये रॉब्सटाऊन या गावाला त्याचं जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. हा भागही कापसाचाच. खामगावच्या माणसाला तिथं फार परकं वाटू नये.

या प्रवासात एक गोष्ट बदलत गेली, ती म्हणजे बघायच्या संधी. तीन पत्तीत तुमची तीन पानं शेवटपर्यंत तीच राहतात. होल्डेममध्ये हातात दोन पानं, ती बघण्यावर दंड नाही. मग टेबलावर सगळ्यांसाठी तीन पानं उघडतात, मग एक, मग आणखी एक. आधी एक आणि नंतर प्रत्येक वेळी एक, अशा बोलीच्या चार फेऱ्या. दर फेरीत नवी माहिती आणि दर फेरीत उठून जायची संधी. चांगलं खेळणं म्हणजे काय, ते यातूनच निघतं.

पहिली गोष्ट, बहुतेक पानं टाकून द्यायची. होल्डेममध्ये सुरुवातीच्या दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. सारखी जोडी सतरा वाटपांत एकदा येते, एक्क्यांची जोडी २२१ वाटपांत एकदा. भरलेल्या टेबलावरचा चांगला खेळाडू बहुतेक वेळ हातातली पानं टाकून बसलेला असतो. तीन पत्तीतही हाच हिशेब आहे. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात. मी दहा ओळींच्या कोडनं ते सगळे मोजून बघितले. जोडी किंवा त्याहून भारी काही मिळण्याची शक्यता जेमतेम २६ टक्के. अगदी मधला हात म्हणजे राजा मोठा असलेला. समोर एकच ब्लाइंडवाला असेल आणि तुमच्याकडे नुसता एक्का असेल, तरी शंभरातल्या साधारण ५७ वेळा तुम्ही पुढे असता. पण समोर पाच जण असतील, तर त्यातल्या कुणा ना कुणाकडे जोडी किंवा त्याहून भारी काही असण्याची शक्यता ७७ टक्क्यांच्या आसपास जाते. एक्का तोच, माणसं बदलली की किंमत बदलते. गंमत म्हणजे एका रंगाचा सिक्वेन्स ४८ प्रकारे येतो आणि ट्रेल ५२ प्रकारे. जास्त दुर्मिळ सिक्वेन्स, पण खेळात मोठा मान ट्रेलला.

दुसरी, शेवटी बोलणाऱ्याचा फायदा. ज्याची पाळी शेवटी येते, त्यानं बाकी सगळ्यांचं वागणं फुकटात बघितलेलं असतं. म्हणून तीच दोन पानं पहिल्या पाळीला टाकायची आणि शेवटच्या पाळीला खेळायची असू शकतात.

तिसरी, भाव बघून माल घ्यायचा. समजा तुमच्याकडे दोन बदाम आहेत आणि टेबलावरच्या तीन पानांत दोन बदाम आले. न दिसलेली पानं ४७, त्यात बदाम ९. पुढचं पान बदाम असण्याची शक्यता १९ टक्के. ढिगात १०० रुपये आहेत आणि समोरच्यानं ५० टाकले. म्हणजे २०० च्या ढिगासाठी तुम्ही ५० देताय, तुम्हाला २५ टक्के शक्यता हवी. नाही, तर बहुतेक वेळा सोडा. त्यानं २० च टाकले असते, तर १४ टक्के पुरले असते. पान चांगलं आहे का, हा अर्धा प्रश्न झाला. या भावात चांगलं आहे का, हा पुरा प्रश्न.

चौथी, बढाई मोजून मारायची. तुम्ही फक्त भारी पानांवरच पैसे टाकले तर समोरचा दर वेळी उठून जाईल आणि भारी पानांचं काही मिळणार नाही. जॉन फॉन नॉयमननं १९२८ मध्ये अशा खेळांच्या गणिताचा पाया घातला. पुढे १९४४ च्या पुस्तकात त्यानं आणि मॉर्गनस्टर्ननं पोकरवर एक स्वतंत्र भागच लिहिला. त्याच्या सोप्या नमुन्यात पैसे वाढवायचे ते सगळ्यांत भारी आणि सगळ्यांत हलक्या पानांवर, मधल्या पानांवर गप्प बसायचं. मधल्या पानांना शोमध्ये जिंकायची थोडी आशा असते, हलक्यांना समोरचा पळाला तरच. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रॅटस या प्रोग्रामनं चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवलं. त्याला चेहरे वाचता येत नव्हते. बढाईचं प्रमाण मात्र तो चुकत नव्हता.

न्यायालयांनाही या चुलतभावांनी छळलं आहे. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमी मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरवला आणि त्याच निकालात फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा म्हटला. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं पोकरलाही नशिबाच्या रांगेत बसवलं. निव्वळ हा शब्द मला पटत नाही, कारण कधी पॅक व्हायचं हे तीन पत्तीतही नशीब ठरवत नाही. पण निर्णयाला आधार देणारी माहिती तिथं फार कमी, आणि ती घ्यायची शिक्षा दुप्पट. न बघणाऱ्याला शूर ठरवणाऱ्या खेळात कौशल्याला जागा कितीशी उरणार?

मोबाईलवरच्या ॲपनी हीच खोड उचलली. पानं वाटायला सेकंद लागत नाही, आणि प्रत्येक ढिगातून टेबलवाल्याची कट आपोआप जाते. हिशेब सोपा आहे. सहा जण प्रत्येकी हजार घेऊन बसले, सरासरी ढीग २०० चा आणि कट पाच टक्के धरा. डावामागे दहा रुपये, ६०० डावांत सहा हजार. बाहेरून पैसे आले नाहीत तर सहाही जण हरलेले असतील, आणि कोण कुणाला हरला हे कुणालाच सांगता येणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. गावातल्या पोरांच्या फोनमध्ये ती चिन्हं अजून दिसतात. म्हणून मला पोकरचा सगळ्यांत पहिला नियम हाच वाटतो की आधी टेबल बघा, पानं नंतर.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्याकडे ‘शेती म्हंजे जुगार’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचा अर्थच लागेनासा झालाय. पोकर समजल्यावर तो लागला. जूनमध्ये पाऊस यायच्या आधीच कोरड्या मातीत कपाशी टोचतात, त्याला धूळपेरणी म्हणतात. हे सरळ ब्लाइंड आहे. पाऊस वेळेवर आला तर पीक सगळ्यांच्या पुढे, नाही आला तर बियाणं मातीत गेलं. कृषी विभाग दर वर्षी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. म्हणजे पानं बघून खेळा. सल्ला बरोबर आहे, पण बघण्याला इथंही किंमत आहे. सोयाबीनची पेरणी लांबली की उतारा घटतो, आणि सगळ्यांना एकाच आठवड्यात मजूर आणि ट्रॅक्टर हवा असतो.

आणि बघण्याची तहान किती, ते भेंडवळला दिसतं. ज्या आखाजीला शिवेपलीकडे पत्त्यांचे डाव रंगतात, त्याच संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्यं, मध्ये पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं. रात्रभर तिथं कुणी जायचं नाही. पहाटे दाणे किती विखुरले आणि ढेकळं किती भिजली, त्यावरून पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात, आणि ते ऐकायला लांबून शेतकरी येतात. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही. पण ज्याला पेरणीआधी एक पान तरी उलटं करून बघायचं आहे, त्या माणसाला मी हसू शकत नाही. माझा पगार तारखेला येतो.

जुगार आणि शेतीच्या तुलनेत एक गोष्ट मात्र बसत नाही. पोकरची जी काही विद्या वर सांगितली, ती सगळी एका सोयीवर उभी आहे की पानं टाकून उठता येतं, आणि पुढचा डाव बघता येतो. जमीन तीच, कर्ज तेच, हंगाम वर्षातून एकदा, आणि पडीक ठेवली तर घरात खायला काय? शेतकऱ्याला पॅक होता येत नाही. ब्लाइंड खेळण्याची सवलतही त्याला मिळत नाही, पिशवीचा भाव बघणाऱ्याला आणि न बघणाऱ्याला सारखाच.

जूनच्या शेवटी पाऊस दडी मारतो तेव्हा नांदुऱ्याच्या, मोताळ्याच्या कृषी केंद्रांवर पुन्हा गर्दी होते. दुबार पेरणी. तीच पिशवी, तोच माणूस, दुसऱ्यांदा पैसे मोजतो. पहिल्या पिशवीचे पैसे दुकानदाराकडे आधीच जमा असतात.