कोयत्यावर गेलेली पोटुशी

खंडाळा तालुक्यातलं नायगाव हे सावित्रीबाई फुल्यांचं माहेर. शाळेसाठी त्यांचं नाव सगळेच घेतात. मी बाळंतपणं करणारी डॉक्टर, मला १८६३ साल जास्त जवळचं वाटतं. त्या वर्षी जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अडलेल्या विधवेनं यावं, नाव-गाव उघड न करता सुखरूप बाळंत व्हावं. १८७४ मध्ये अशाच एका विधवेला, काशीबाईंना, झालेला मुलगा या दोघांनी दत्तक घेतला. तोच यशवंत, पुढं डॉक्टर झाला.

सुखरूप बाळंतपणाचा हिशेब आज आकड्यांत होतो. एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रातले मातामृत्यू २००१-०३ मध्ये १४९ होते, २०१८-२० मध्ये ३३ वर आले. त्याच काळात देशाचा आकडा ९७, केरळचा १९, आसामचा १९५. आपलं हे यश आशाताई आणि सिस्टरांनी घाम गाळून मिळवलंय. पण दिवाळीच्या सुमारास नीरेकाठच्या उसात उतरणारी बाई या सरासरीत दिसत नाही.

बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले, खाडा झाला की पैसे कापतात. म्हणून सातवा महिना लागला तरी ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. तिची नोंद गावाकडं, तपासणीचं कार्डही बहुधा गावाकडंच. आमच्या आशाच्या रजिस्टरात नाव चढेपर्यंत फड संपतो, खोपी उठते.

तपासणी राहिली की धोका बाळंतपणात समोर येतो. बाळंत झाल्यावर अंगावरून ५०० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं की आम्ही अतिरक्तस्राव म्हणतो. हिमोग्लोबिन ११ असलेली बाई बहुतेक वेळा तेवढं सोसते, ६ असलेली तेवढ्यानंच ढासळते. शिवाय डोळ्यांचा अंदाज कमीच पडतो, कारण रक्त चादरीत आणि लुगड्यात मुरतं. त्यासाठी मापाच्या खुणा असलेली साधी प्लॅस्टिकची पिशवी कमरेखाली लावतात. आफ्रिकेतल्या चार देशांत ही पिशवी वापरली आणि माप ओलांडताच मालिश, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड, सलाईन एकदमच सुरू केलं. २०२३ मध्ये निकाल आला: गंभीर रक्तस्राव सुमारे ६० टक्क्यांनी घटला. ही पिशवी प्रत्येक प्रसूतिगृहात हवी, असं माझं ठाम मत आहे. पण मुळात अंगात रक्तच कमी असेल, तर पिशवी असूनही वेळ अपुरा पडतो. रक्त वाढवण्याचं काम महिनोन्महिने आधी, खोपीवरच व्हायला हवं.

कुणी सुचवतं, टोळीतल्या गरोदर बायकांची यादी टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून घ्या. ते मला पटत नाही. त्याच्या हाती ही माहिती गेली की पुढच्या हंगामात तो तिलाच वगळेल. साखर कारखान्यानं फक्त टोळ्या कुठं उतरल्यात ते कळवावं. आशानं पहिल्याच आठवड्यात खोपीवर जावं, बोटातून रक्त घेऊन तपासावं, गावाकडच्या आशाला फोन लावावा. तपासणीच्या दिवसाचा खाडा कापू नये. आणि कळा सुरू होऊन ती आरोग्य केंद्राच्या दारात आली, तर गाव कोणतं हे नंतर विचारावं, आधी तिला आत घ्यावं.