कुंबनाडची बंद घरे

आमच्या महाविद्यालयातले एक सहकारी मूळचे केरळचे. बेळगावात पंधरा वर्षे काढल्याने मराठी आणि कन्नड दोन्ही बऱ्यापैकी बोलतात. ‘एकदा गावाकडे या’ हे त्यांचे आमंत्रण गेल्या मे महिन्यात मनावर घेतले. पूर्णा एक्स्प्रेसने थेट एर्नाकुलम, तिथून तिरुवल्ला आणि पुढे बसने कुंबनाड.

पथनमथिट्टा जिल्ह्यातले हे गाव पाहून प्रथम वाटले, केवढी ही सुबत्ता! रबराची झाडे, फणस आणि त्यांतून डोकावणारे दुमजली बंगले. थोडे चालल्यावर मात्र लक्षात आले, कित्येक फाटकांना कुलूप आहे, अंगणात पाचोळा साचला आहे. मुले आखातात, अमेरिकेत, इंग्लंडात. सरांच्या घरीही आठ खोल्या, पण त्यांच्या अम्मा राहतात एकाच खोलीत. सोबतीला इडुक्कीहून आलेली एक बाई.

केरळात मुली लवकर शिकल्या, बालमृत्यू घटले, कुटुंबे लहान झाली, आयुष्य वाढले. शिकलेली मुले नोकरीसाठी बाहेर पडली. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के होते, केरळात १२.६. पथनमथिट्टा जिल्ह्याची लोकसंख्या तर आदल्या दहा वर्षांत चक्क घटली होती. तेव्हा कर्नाटकात हे प्रमाण ९.५, महाराष्ट्रात ९.९ आणि शेजारच्या गोव्यात ११.२ टक्के होते. म्हणजे वाट तीच, आपण थोडे मागे आहोत एवढेच.

संध्याकाळी शेजारचे एक निवृत्त शिक्षक गप्पांना आले. दोन्ही मुलगे परदेशी. ‘हल्ली संस्कारच उरले नाहीत,’ असे काहीसे मी बोलून गेलो. सरांनी ते मल्याळममध्ये सांगितले. मास्तर हसले. म्हणाले, ‘मुलांनी आम्हाला टाकलं नाही. आम्हीच त्यांना पाठवलं. फीसाठी जमीन विकली मी. आता कोणत्या तोंडाने परत या म्हणू?’

मी गप्प झालो. माझ्याच मुलाचा जर्मनीचा अर्ज आदल्या आठवड्यात भरून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राची नर्स गल्लीतल्या एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांकडे आली. तिच्याबरोबर गावातल्या दोन स्वयंसेवक बायका होत्या. जखम धुतली, कूस बदलून दिली, घटकाभर बोलत बसल्या. केरळात या कामाची सुरुवात १९९३ मध्ये कोझिकोडला झाली. २००८ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी धोरण आखले आणि पुढे ग्रामपंचायतीही या कामात उतरल्या. मुले दूर आहेत हे गृहीत धरून तिथल्या लोकांनी शेजाराची घडी नव्याने बसवली आहे. आपण अजून मुलांना दोष देण्यातच वेळ घालवतो.

परतीच्या गाडीत सासूबाई डोळ्यांसमोर येत राहिल्या. वय ७६, गोकाकला एकट्या असतात. बायको रोज रात्री फोनवर विचारते, ‘ऊटा आतेनव्वा?’ पलीकडून येते, ‘आतव्वा.’ संपले. त्या न्हाणीघरात पडल्या, तर दार कोण उघडणार? घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे? आम्हाला दोघांनाही सांगता येईना.

पुढच्या रविवारी गोकाक गाठले. एक किल्ली समोरच्या काकूंकडे दिली, डॉक्टरांचा आणि रिक्षावाल्याचा नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. सासूबाई बघत होत्या. कन्नडमध्ये म्हणाल्या, ‘एवढ्या लांब केरळला जाऊन हेच शिकून आलात होय?’

महिन्याने फोन केला तर तक्रार तयार होती. किल्लीच्या निमित्ताने समोरच्या काकू आता दिवसातून दोनदा येऊन बसतात, म्हणे. चहापत्ती पुरत नाही!