भिशी आणि खाडा

दिवाळीचा फराळ संपता संपता आमच्याकडे सिल्वासात दिंडीची वही बाहेर निघते. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते आणि तिला आम्ही चाळीसेक जण पायी जातो. बरेचसे जळगाव, धुळे, नाशिककडून इथे धाग्याच्या नाही तर प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला आलेले. वारीची ओढ गावाकडून घेऊन आलो, पण वारीचं गाव मागे राहिलं. म्हणून ही दिंडी. हिशेबाची वही पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आहे.

नव्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, "भाऊ, भिशी किती?" जेवण, टेम्पो, मुक्काम यांसाठी दिंडीत प्रत्येकाने भरायची रक्कम म्हणजे भिशी. पण माझ्या वहीत पहिला आकडा खाड्याचा असतो. आमच्यातले निम्मे ठेकेदाराकडे रोजावर आहेत. गैरहजर राहिले की त्या दिवसाचा रोज गेला, तोच खाडा. अशा माणसाला भिशीपेक्षा खाडा महाग पडतो. म्हणून पंचांग आणि कारखान्याचं कॅलेंडर शेजारी ठेवूनच मी आखणीला बसतो. २०२५ मध्ये एकादशी २५ जानेवारीला, शनिवारी होती. रविवारी निघालो, शुक्रवारी दशमीला त्र्यंबकात पोचलो, पुढच्या रविवारी घरी. दोन रविवार पदरात पडले, खाडे सहाच झाले. २०२६ ची एकादशी १४ जानेवारीला, बुधवारी, ऐन संक्रांतीच्या दिवशी. तेव्हा रविवार एकच मिळतो, पण आमच्या भागात त्या दिवशी उत्तरायण असतं आणि बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असते, ती हिशेबात धरायची. असा एखादा दिवस वाचला की एखादी बाई येऊ शकते, नाही तर तिला घरीच थांबावं लागतं. वही उघडताना माझ्या डोळ्यांसमोर ती बाई असते.

खाडे वाचवायचे म्हणून एका वर्षी आम्ही सहा दिवसांचं अंतर चार दिवसांत बसवलं. सिल्वासा, खानवेल, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक मिळून सव्वाशेच्या आतबाहेर किलोमीटर, रोज तीस. कागदावर सोपं दिसलं. दुसऱ्या दिवशी आमच्या एका मावशींच्या दोन्ही टाचांना फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, शेवटपर्यंत चालल्या आणि घरी आल्यावर आठ दिवस अंथरुणाला खिळल्या. दोन खाडे वाचवले आणि आठ लावले, तेही जिला ते सर्वांत कमी परवडत होते तिला. ती आखणी माझी होती.

तेव्हापासून मजल ठरते ती सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायाने. वीस-बावीस किलोमीटर, त्याहून जास्त नाही. पहाटे चारला काकडा, पाचला पहिलं पाऊल, ऊन चढायच्या आत मुक्काम. खानवेलपर्यंत कारखान्यांच्या मालट्रकांची वर्दळ असते, म्हणून अंधारात पुढच्या पताकेजवळ एक आणि शेवटच्या माणसाजवळ एक बॅटरी, आणि प्रत्येकाच्या पाठीवर रेडियमची पट्टी. साकरतोड नदी मागे पडली की रस्ता शांत होतो आणि चढू लागतो. सिल्वासा जवळजवळ समुद्राच्या पातळीला, तर त्र्यंबक सातशे मीटरच्या वर. जव्हारकडचा चढ आणि शेवटचा तोरंगण घाट या दोन ठिकाणी मजल आणखी आखूड करावी लागते. नवी चप्पल नको, हे मी प्रत्येकाला तीनदा सांगतो. महिनाभर वापरलेली, पायाने ओळखलेली चप्पल हवी.

भिशीतला मोठा वाटा टेम्पोचा. छोटा हत्ती सहा दिवस सोबत असतो: वळकट्या, भांडी, शिधा, गॅस, आणि कोणाचे पाय थकले तर दोन माणसं. मुक्कामासाठी मार्गशीर्षातच मोटारसायकलवरून वाटेवर एक फेरी मारतो. देवळाचा सभामंडप, ग्रामपंचायतीचं सभागृह, जिल्हा परिषदेची शाळा. शाळा सुटल्यावर खोल्या मिळतात, पण सकाळी मुलं यायच्या आत झाडून मोकळ्या करून द्यायच्या. आश्रमशाळेत विचारायचं नाही, तिथे मुलं राहतात. जागा बघताना मी आधी संडास बघतो. बायकांना अंधारात रस्त्याकडेला जावं लागणार असेल, तर ती जागा फुकट मिळाली तरी नको.

पण या वाटेवर मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते पाण्याने.

एका वर्षी टेम्पोतली पाण्याची पिंपं मी कमी केली. जागा वाचली, छोटी गाडी चालली, भाडं कमी झालं. जव्हारच्या अलीकडे एका पाड्यावर मुक्काम पडला. पाड्यातल्या लोकांनी विहीर दाखवली, दोन आज्यांनी, आम्ही नको म्हणत असताना, स्वतः पाणी शेंदून दिलं. बेचाळीस माणसं प्यायली, स्वयंपाक झाला, काहींनी अंघोळी उरकल्या. पहाटे काकड्याला उठलो तेव्हा त्यातली एक आजी विहिरीच्या काठावर बसली होती. तळाशी गढूळ पाणी होतं आणि झऱ्यातून ते भरण्याची ती वाट पाहत होती. आमच्यावर रागावली नाही. "येईल, दुपारपर्यंत येईल," एवढंच म्हणाली.

जव्हार-मोखाड्यात पाऊस कमी पडत नाही, कोसळतो. पण उतारावरून तो वाहून जातो आणि खालचा कातळ फार पाणी धरून ठेवत नाही. जानेवारीत विहिरी खाली जाऊ लागतात, उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. त्यात दिवाळीनंतर धडधाकट माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, मागे म्हातारी आणि लहान मुलं उरतात. वावर-वांगणीचं नाव महाराष्ट्राने १९९२ साली कुपोषणाने दगावलेल्या मुलांमुळे ऐकलं. ती गावं जव्हार तालुक्यातलीच. अशा मुलखातून आम्ही 'कमी खर्चात' यात्रा करतो म्हणालो, तर उरलेला खर्च कोण करतं? त्या पहाटे तो त्या आजीने केला होता.

आता दोनशे लिटरची दोन पिंपं नेतो आणि ती खानवेल, जव्हार, मोखाडा अशा मोठ्या गावांतच, विचारून, भरतो. चालणाऱ्याला दिवसाला चारेक लिटर प्यायला लागतं, वर स्वयंपाक. अंघोळ एक दिवसाआड. काही जण कुरकुरतात, कुरकुरू देत. एकादशीच्या उपवासाची वरई आणि भाकरीची नागली मात्र सिल्वासातून नेत नाही. ती वाटेवरच्या पाड्यांत पिकते, तिथेच रोख पैसे देऊन घेतो. भाकऱ्या थापून देणाऱ्या बायकांना नगाप्रमाणे पैसे देतो. त्यांनी नाही म्हटलं तरी देतो. यामुळे भिशी थोडी वाढली, त्याबद्दल बैठकीत बोलणीही खाल्ली. ती वाढ मी मागे घेतलेली नाही.

काटकसरीला दुसऱ्या जागा आहेत. परतीला खाजगी गाडी करत नाही, एसटीने येतो. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत. सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती, म्हणून पुढच्या टप्प्याचे पैसे आधीच वेगळे काढून ठेवतो. त्र्यंबकात यात्रेच्या दिवसांत खोलीच्या भानगडीत पडत नाही. मठात दोन रात्रींची पथारी मिळते, थंडी असते, घोंगडी लागते. घोंगडी ज्याची त्याने आणायची.

परवा फेरीला गेलो तेव्हा त्या विहिरीच्या पाड्यावर थांबलो. आम्ही आता तिथे मुक्काम करत नाही, फक्त विसावा घेतो. आजी ओट्यावर वरई पाखडत होती. शेजारच्या घराला कुलूप होतं. सून आणि मुलगा भट्टीवर गेले होते.

"यंदा किती जण?" तिने विचारलं.

"एकोणचाळीस."

तिने सुपातली वरई एका बाजूला सारली आणि मनाशी मोजू लागली. "मग सात पायली लागेल," ती म्हणाली. मी वही काढून लिहून घेतलं.