जोडी दोन घरची

काल खांदशेकणी होती. बैलाच्या खांद्याले हळद-लोणी चोळताना आबाजी आठवले.

त्यांच्याकडे एकच गवळाऊ बैल, शेजारच्या वावरातल्या दोस्ताकडे एक. दोघांची मिळून जोडी. पांढरी, चालीले चपळ अशी ही आपल्या आर्वी-कारंजा भागातली जात. दोन दिवस डवरा आमच्या पऱ्हाटीत, मग त्यांच्या. पोळ्याले तोरणाखाली दोन्ही बैल सोबतच उभे राहत.

एका साली ऐन डवरणीत आबाजींचा बैल मेला. वापसा दोन-तीन दिवसांचाच. दोस्तानं आपल्या बैलासोबत भाड्याचा बैल जुंपला आन् आधी आमचं वावर डवरलं. तेवढ्यात पाणी आलं, त्यांची पऱ्हाटी तणात गेली. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. आबाजी मात्र मरेपर्यंत सांगत.

आता त्या दोस्ताचा नातू आन् मी. धुऱ्यावरच्या दोन तासांपायी दोन वर्षं बोलणं बंद. मोजणीचा अर्जही मी लिहून ठेवला होता. तो आता देत नाही.

आज पोळा फुटला की बैल पहिले त्याच्याच दारी नेतो. बोजारा नाही दिला तरी चालन, बोलला म्हणजे झालं.